मुनिमाचा ताळा

विल्ना शहरात लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या पेढीवर एक मुनीम होता. आज या शहराला व्हिल्नियस म्हणतात आणि ते लिथुआनियाची राजधानी आहे. गोष्ट घडली ती 1840 नंतरच्या दशकात, तेव्हा तिथे रशियाच्या झारचा अंमल होता. शहरातून वाहणारी नदी विलिया. हिवाळाभर जंगलात झाडं पाडायची, बर्फ वितळला की ओंडके एकमेकांना बांधून तराफे करायचे आणि नदीत सोडायचे. कोव्नोपाशी विलिया नेमान नदीला मिळते, तिथून लाकूड पार बाल्टिककाठच्या मेमेल बंदराकडे जाई. किती ओंडके सुटले, किती पोचले, तराफेवाल्यांची मजुरी किती, उचल किती, सगळं मुनिमाच्या वहीत. पेढीवर म्हणत, एखादा ओंडका नदीत बुडेल, पण मुनिमाच्या वहीत बुडायचा नाही.

मुनीम ज्यू होता. शिकलेला, श्रद्धाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बोधकथेत मुनीम आला की लोक त्याला लबाड धरून चालतात. हा तसा नव्हता.

त्या काळी विल्नात रब्बी यिस्राएल सालांतेर यांचं नाव गाजत होतं. विल्ना म्हणजे ज्यूंची विद्यानगरी. तालमूद हा धर्मग्रंथ कोळून प्यायलेले पंडित तिथे गल्लोगल्ली सापडायचे, आणि रब्बी यिस्राएल स्वतः त्यातले पट्टीचे. पण त्यांची तक्रार वेगळीच होती. निषिद्ध अन्नाच्या नुसत्या वासाने शहारणारा माणूस शेजाऱ्याची निंदा करताना कचरत नाही, मग एवढी विद्या मुरते कुठे? स्वभाव सुधारणं हेही शिकावंच लागतं, आणि ते रोज शिकावं लागतं, असं ते सांगत. या शिकवणीला मुसार म्हणतात, पुढे तिची मोठी चळवळ झाली. नुसत्या विद्यार्थ्यांसाठी नाही, तर दुकानदार, कारकून, कारागीर यांच्यासाठीही त्यांनी मुसारघर काढलं होतं. संध्याकाळी काम आटोपून लोक तिथे जमत आणि नीतीचे जुने ग्रंथ हेल काढून, जवळजवळ गाऊनच वाचत. डोक्यात गेलेलं काळजात उतरावं म्हणून ही युक्ती.

मुनीमही जाऊ लागला. तिथेच त्याच्या हाती एक पुस्तक पडलं.

पुस्तकाचं नाव ‘हेशबोन हनेफेश’, म्हणजे आत्म्याचा हिशेब. सालांतेरांच्या पुढाकाराने ते 1845 च्या सुमारास विल्नात नव्याने छापलं गेलं होतं. रोज आपल्या वागण्याची झडती घ्यावी हा विचार ज्यूंना नवा नव्हता. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा यांनी अरबीत लिहिलेल्या नीतिग्रंथात याच विषयावर एक अख्खं प्रकरण आहे. पण हे पुस्तक झडतीचं तंत्रच हातात ठेवत होतं. लिहिणारे मेनाखेम मेंडेल लेफिन, पोदोलिया प्रांतातल्या सातानोवचे. पहिली आवृत्ती 1808 ची, लेम्बर्गची. आणि तंत्र मुळात कुणाचं? अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनचं! पुस्तकात त्याचं नाव नाही, पण पद्धत त्याचीच. छापखान्यात खिळे जुळवत मोठा झालेला फिलाडेल्फियाचा हा गृहस्थ, आणि त्याची रीत गिरवणार कोण, तर लिथुआनियातले दाढीवाले तालमूदपंडित. चांगली गोष्ट कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो.

तंत्र असं. तेरा गुण ठरवायचे. मनाचं स्थैर्य, सहनशीलता, टापटीप, निर्धार, स्वच्छता, नम्रता, न्याय, काटकसर, तत्परता, मौन, सौम्यपणा, सत्य, संयम. प्रत्येक गुणाला एक आठवडा. तेरा आठवड्यांनी एक फेरी पुरी, की पुन्हा पहिल्यापासून. वर्षात चार फेऱ्या. वहीत आडव्या ओळी गुणांच्या, उभे रकाने वारांचे. रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवायचा आणि जिथे चुकलो तिथे ठिपका द्यायचा. फ्रँकलिन म्हणे फेरी संपली की जुने ठिपके खरवडून तीच पानं पुन्हा वापरी, अखेर कागदाला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली, ओल्या स्पंजाने पुसता यावी म्हणून.

मुनिमाला हे पुस्तक वाचून जणू माहेर भेटलं. रकाने, ओळी, नोंदी! बाकीचे लोक मुसारघरात रडत, छाती पिटत. हा तिथून घरी येऊन पट्टीने रेघा मारत बसला. सुक्कोथचा सण आटोपल्यावर, म्हणजे थंडी पडायच्या सुमारास, त्याने पहिली फेरी सुरू केली. लाल शाईने रकाने आखले, काळ्याने ठिपके. शब्बाथला ज्यू माणूस लेखणीला हात लावत नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंतचे ठिपके तो डोक्यात साठवून ठेवी आणि तारे दिसले की आधी वही उघडी.

पहिल्या फेरीत पानं देवीच्या व्रणांसारखी भरली. दुसऱ्या फेरीत ठिपके विरळ झाले. तिसऱ्या फेरीत अख्ख्या ओळी कोऱ्या जाऊ लागल्या. टापटिपीचा आठवडा कोरा. काटकसरीचा कोरा. मौनाचा तर पहिल्या फेरीपासूनच कोरा. फ्रँकलिनने कबूल करून ठेवलंय की गर्वाला किती दाबलं तरी तो डोकं वर काढतोच, आणि उद्या त्याला आपण पुरतं जिंकलं असं वाटलं तर आपल्याला आपल्या नम्रतेचाच गर्व होईल. मुनिमाने फ्रँकलिन वाचला नव्हता. नम्रतेच्या आठवड्यात त्याने ठिपका दिला नाही, आणि ते त्याने मुसारघरातल्या दोघातिघांना सांगितलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मुसारघरात येणाऱ्या पोरांनी गळ घातली, काका, तुमच्या वहीची नक्कल द्या, आम्हाला कित्ता होईल. मुनिमाने आढेवेढे घेतले, पण फार नाही. तिसऱ्या फेरीची पानं तो सुवाच्य अक्षरात उतरवू लागला. घरी उजेड कमी, म्हणून दुपारच्या वेळी पेढीवरच.

उन्हाळा सरत आला. एलुल महिना लागला. नव्या वर्षाच्या आणि योम किप्पूरच्या आधीचा हा महिना ज्यूंसाठी झाडाझडतीचा. सकाळच्या प्रार्थनेनंतर मेंढ्याच्या शिंगाचं शोफार फुंकतात, झोपलेल्याला हलवून उठवावं तसं. याच महिन्यात मेमेलहून परतलेला तराफ्यांचा म्होरक्या मजुरी घ्यायला पेढीवर आला. खेड्यातला लिथुआनियन माणूस, अक्षरशत्रू. मुनिमाने खतावणी उघडली, आकडा सांगितला. म्होरक्याने मान हलवली.

“एक खूण कमी आहे, मुनीमजी.”

“वहीत बेचाळीस आहेत.”

“काठीवर त्रेचाळीस आहेत.”

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाशी हिशेब ठेवायचा तर तेव्हा एक काठी असे. दर दहा ओंडक्यांमागे तिच्यावर सुरीने आडवी खाच पाडायची. व्यवहार ठरतानाच काठी उभी चिरलेली असायची. खाच पाडताना दोन्ही फाळी एकत्र धरायच्या, म्हणजे एकच खाच दोघांवर उमटते. एक फाळ मालकाकडे, दुसरी मजुराकडे. मालकाने आपल्या फाळीवरची एखादी खाच तासून टाकली, किंवा मजुराने आपल्यावर चोरून वाढवली, तर दोन्ही जोडल्या की लगेच उघडं पडतं.

पेढीची फाळ भिंतीवर खिळ्याला लटकलेली होती. ताळा घ्यायला म्हणून अशी फाळ वर्षानुवर्षं कुणी काढली नव्हती, कारण वही कधी चुकलीच नव्हती. मुनीम हसून म्हणाला, “अरे बाबा, वही शाईने लिहिलेली आहे. काठीचं काय घेऊन बसलास?”

म्होरक्या रागावला नाही. त्याला खरंच कळेना. “मग चिरली कशाला होती?” त्याने विचारलं.

मुनिमाने फाळ काढली, धूळ झटकली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. लाकडाचे तंतू तंतूंना भिडले. खाचा मोजल्या. बेचाळिसाव्यानंतर आणखी एक होती, दोन्ही फाळींवरून सरळ गेलेली, मधे केसाएवढाही खंड नाही. मग त्याने कीर्दीत तो दिवस शोधला. दहा ओंडक्यांची नोंद राहून गेली होती. त्या दुपारी मुनीम टेबलाशी होता, लिहीतही होता, पण दुसऱ्या वहीत. पोरांसाठी कित्ता उतरवत होता. पान सत्याच्या आठवड्याचं होतं.

म्होरक्याला पैसे मिळाले आणि तो गेला. गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण मुनीम हाडाचा हिशेबनीस होता, आणि हिशेबनिसाला एक फरक सापडला की झोप येत नाही. तो दुसरा शोधतो. व्यापाऱ्याशी खातं असलं की वर्षाअखेर आपली वही त्याच्या वहीशी लावून पाहायची, ताळा घ्यायचा, हे तो गेली कित्येक वर्षं करत आला होता. त्याचं देणं आपल्याकडे येणं म्हणून दिसतं का, पाहायचं. आणि ही दुसरी वही? ती लिहिणारा तोच, तपासणारा तोच, शेरा देणाराही तोच. दुसरी फाळ कुणाकडे होती?

रात्री त्याने वही बायकोसमोर ठेवली. एलुलात एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. मागणारा म्हणतो, काही चुकलं असेल तर माफ करा. समोरचा म्हणतो, छे हो, काहीच नाही. झालं.

“काही चुकलं असेल तर…” त्याने सुरुवात केली.

“अहो, खरं सांगू की सणाचं सांगू?” ती म्हणाली.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “खरं.”

“तुमचा तो मौनाचा आठवडा. पुरिमच्या सणाआधीचा. मंगळवारी मध्यस्थ आला होता, पोरीच्या स्थळाचं घेऊन. हुंड्याचं बोलणं निघालं. मी तुम्हाला विचारलं, काय करायचं? तुम्ही मान हलवलीत. हो की नाही, तेही कळलं नाही. बुधवारी पुन्हा विचारलं. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. गुरुवारी मध्यस्थाला उत्तर हवं होतं. मी माझ्या आईची चांदीची शमादानं विकली.”

मुनिमाची नजर कपाटाकडे गेली. शमादानं पितळेची होती, लख्ख घासलेली.

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून. दर शुक्रवारी मी त्यांच्यात मेणबत्त्या लावते आणि तुम्ही समोर बसता.”

बसत होताच. दर शुक्रवारी ज्योतींकडे बघत बसत होता, पण शुक्रवारी रात्री लिहिता येत नाही ना. तेव्हा तो दिवसाचे ठिपके मनात घोकत असे, शनिवारच्या ताऱ्यांपर्यंत विसरू नयेत म्हणून.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात भयंकर प्रसंग हाच आहे. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही. माणूस आत्मपरीक्षणात इतका गढला होता की त्याला समोरचं पितळ दिसलं नाही.

स्वयंपाकघरात कामाची पोर भांडी पुसत होती. अनाथ मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची. मुनीम तिच्याकडेही गेला. धन्याने असं दारात उभं राहून काही विचारायची तिला सवय नव्हती, ती घाबरली. माफीबिफी तिने ऐकूनच घेतलं नाही. पण तो वही हातात घेऊन उभाच राहिला, तेव्हा तिने धीर केला.

“मालक, तो धुण्याचा आठवडा परत कधी येतो?”

“कुठला धुण्याचा?”

“थंडीत आला होता तो. तुम्ही रोज अंघोळ केली होती. जिना धुवून घेतलात, अंगणातल्या फरश्यासुद्धा. आधी कळलं तर बरं, मी तेव्हा भावाला बोलावून घेईन. एकटीला कावड झेपत नाही.”

स्वच्छतेचा आठवडा. ओळ कोरी. विहीर टेकडीच्या पायथ्याशी आणि घर वर. थंडीत विहिरीच्या काठावर बर्फ धरतं. एरवी चार खेपांत भागणारं पाणी त्या आठवड्यात दुप्पट लागलं, आणि प्रत्येक थेंब हिच्या खांद्यावरून आलेला.

आता गंमत पाहा. रब्बी यिस्राएलांची एक गोष्ट त्यांच्या भक्तांत सांगितली जाई. जेवणाआधी हात धुताना भरपूर पाणी घेणं पुण्याचं मानतात, पण ते अगदी नियमापुरतं, जेमतेम पाणी घेत. कुणी विचारलं तर म्हणत, पाणी आणणारी पोर टेकडी चढून येते, दुसऱ्याच्या खांद्यावर पुण्य कसलं कमवायचं? ही गोष्ट मुनिमाला पाठ होती. ती त्याने स्वतः मुसारघरातल्या पोरांना दोनदा सांगितली होती, आणि चांगली रंगवून.

त्या पंधरवड्यात तो आणखी काही ठिकाणी गेला. काटकसरीच्या आठवड्यात त्याने चांभाराचे पैसे ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून अडकवले होते. टापटिपीच्या आठवड्यात पेढीवरच्या उमेदवार पोराची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली होती, कारण दऊत जागेवर नव्हती. आपली प्रत्येक कोरी ओळ कुणीतरी आपल्या पदरचं घालून कोरी ठेवली आहे हे त्याच्या ध्यानात येत गेलं. रोज रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत, आज ज्यांनी आपल्याला दुखवलं त्या सगळ्यांना आपण माफ केलं, असं म्हणायची ज्यूंची रीत आहे. मुनिमाने ती एक दिवसही चुकवली नव्हती. रोज सगळ्यांना उदार मनाने माफ करून तो झोपत होता.

योम किप्पूर आला. पंचवीस तासांचा कडकडीत उपास, पाण्याचा थेंब नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू या दिवसाला पूर्वी दरफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवायचा नाही, दिवसभर देवापुढे. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म करायचा, लोकांना भेटायचं. विल्नात काय किंवा अलिबागेत काय, नियम एकच आहे आणि तो मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात लिहून ठेवलेला आहे. माणूस आणि देव यांच्यातली पापं या दिवसाने धुतली जातात. माणसामाणसातली धुतली जात नाहीत, जोवर समोरच्याचं समाधान केलेलं नाही तोवर. हा नियम मला फार आवडतो. देवाने इथे मध्ये पडायला चक्क नकार दिलेला आहे.

मुनिमाने उपासाआधी चांभाराचे पैसे दिले, उमेदवाराची कापलेली मजुरी परत केली. शमादानं मात्र गेली ती गेली. विकत घेणारा सराफ ती वितळवून मोकळा झाला होता. दुसरी घ्यायची म्हटलं तर बायको म्हणाली, ती माझ्या आईची नव्हेत. ही बाकी फिटण्यासारखी नव्हती, आणि मुनिमाने ती वहीच्या पहिल्या पानावर तशीच लिहून ठेवली. दर वर्षी नव्या वहीत पुढे ओढायची.

सुक्कोथनंतर नवी वही आली. तेच तेरा गुण, तेच सात रकाने. त्याने पद्धत टाकून दिली नाही. पुष्कळांना वाटतं की अशा अनुभवानंतर माणूस वही जाळतो आणि अंतःकरणाने जगू लागतो. मुनिमाला ते मान्य झालं नसतं. वही चुकली तर ताळा घ्यायचा, वही बंद करणं हा दिवाळखोराचा मार्ग. त्याने एवढंच केलं की आठवडा संपला की शनिवारी रात्री, तारे दिसल्यावर, वही घेऊन कुणातरी एकाकडे जायचं. ज्या गुणाचा आठवडा, तो ज्याच्यावर चालला असेल त्याच्याकडे. कधी बायको, कधी उमेदवार, एकदा तर खुद्द पेढीचा मालक. त्याने तर इतकं सुनावलं की आधीचा ठिपका वाळायच्या आत दुसरा द्यावा लागला.

मुसारघरातल्या एका पोराने कित्ता नव्याने उतरवायला म्हणून वही मागितली. चाळून बघितली आणि त्याचं तोंड उतरलं.

“काका, तुम्ही तर घसरलात. गेल्या वर्षी किती स्वच्छ होती!”

“गेल्या वर्षीची नेऊ नकोस,” मुनीम म्हणाला. “तिचा ताळा झालेला नाही.”

थंडीत पुन्हा स्वच्छतेचा आठवडा आला. या वेळी मुनीम स्वतः कावड घेऊन टेकडी उतरला. वाटेत दोन शेजारी हसले, एकाने विचारलं, पेढीवरून काढलं की काय? वर चढताना अर्धं पाणी सांडलं, जिन्यावर बर्फ झालं आणि त्यावरून कामाची पोर घसरता घसरता वाचली. शनिवारी रात्री तो वही, दऊत आणि टाक घेऊन स्वयंपाकघरात आला आणि तिच्यासमोर ठेवून म्हणाला, तूच दे. तिला लिहिता येत नव्हतं, पण ठिपक्याला काय लागतं? तिने टाक मुठीत धरला, बराच विचार केला आणि दोन ठिपके दिले.

“दोन?” मुनीम म्हणाला. “एक जिन्यावरच्या बर्फाचा, मान्य. दुसरा कसला? पाणी तर मीच आणलं!”

“निम्मं आणलंत. निम्मं मी आणलं, तुम्ही निजल्यावर.”

“पण हेतू बघ ना. हेतूला काही सूट?”

पोरीने टाक पुन्हा दौतीत बुडवला.

“मग तीन,” ती म्हणाली.